सहजीवन

मंगळवार, दुपारी साडेतीन. डोंगराच्या पायथ्याशी अनसूयामाईंचा आश्रम. ओसरीवर ऊन आलेलं.

"बाहेर काढली तर जगेल का ती, माई?"

प्राध्यापक दत्तप्रसाद वायंगणकर पुन्हा तेच विचारत होते. वनस्पतिशास्त्र ते माईंकडेच शिकले. पुढं माईंनी कॉलेज सोडून आश्रम काढला. आता महिनाभर त्यांची बायको हेमांगी इथं येऊन राहिली होती. तिचा गाण्याचा क्लास त्यांनी परस्पर बंद केला होता. तिला ते विद्यार्थिनींकडून कळलं.

"ती म्हणजे कोण?" माई शेंगा सोलत होत्या.

"हिरवी पेशी! मोठ्या पेशीनं ती गिळली, पण पचवली नाही. सांभाळली. तीच आज पानातलं हरितलवक. तुम्हीच शिकवलंत. सहजीवन म्हणतात याला."

"लग्नाच्या वाढदिवसालाही तेच म्हणतात."

"तेच सांगतोय! आत काय कमी होतं तिला?"

"तिची जनुकं कुठं गेली रे, दत्ता?"

"बहुतेक सगळी मोठीच्या केंद्रकात. सोयीसाठी."

"कुणाच्या?"

"दोघींच्या!"

"गाण्याचा क्लास बंद केलास, तशीच सोय..."

वायंगणकरांनी कपाळावर हात मारला. "माई, मी पेशीचं बोलतोय!"

"मीही. चल, आत ये. दाखवते."

कोठीच्या खोलीत अंधार होता, तांदळाची पोती होती. वायंगणकर वाकून आत शिरले. मागून कडी लागली.

"अहो! हे काय?"

"माठ आहे बघ कोपऱ्यात. गारही आहे. काही कमी आहे का?"

"दार उघडा!"

"कशाला? छप्पर दिलंय. सांभाळतेय."

त्यांनी दारावर थापा मारल्या. पोत्यांची धूळ नाकात गेली, शिंका आल्या. घाबरून तोंडातून कॉलेजातलीच हाक गेली.

"मॅडम! हा काय चावटपणा? मला विचारलंत का कोंडताना?"

...

बाहेरून शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. ते डोळे मिचकावत उन्हात आले. समोर हेमांगी उभी होती.

त्यांनी सदरा झटकला.

"चल घरी," ते म्हणाले.

हेमांगी जागची हलली नाही.

वायंगणकरांनी वैतागून माईंकडे पाहिलं. माईंनी त्याहून वैतागून त्यांच्याकडे.

"अब्जाहून जास्त वर्षं झाली, दत्ता. त्या हिरवीला कुणी विचारलं होतं का, ते अजून कुठल्याच पुस्तकात आलेलं नाही."