मनगटावरचा रातकिडा

माणसं मनगटाला काही बांधू लागली, त्याच्या कितीतरी आधीची आमच्या अस्वलांच्या घराण्यातली ही गोष्ट. आमचे पणजोबा झिपरूआप्पा इतके सुटले होते, की गुहेच्या तोंडात अडकायचे. साळिंदर वैदीण म्हणाली, "रोज टेकडी चढा. काळजाचे ठोके वाढतील तशी चरबी जळेल."

पण ठोके मोजणार कोण? सुतारपक्षी म्हणाला, "मी छातीलाच घट्ट चिकटून बसेन आणि असेल तेच सांगेन." रातकिडा म्हणाला, "मी आपला मनगटावर बसतो. ऐकू येईल ते मोजतो, कमी पडलं तर पदरचं घालतो."

आप्पांनी रातकिडा निवडला. घराण्याचा स्वभावच तो.

टेकडीच्या पायथ्याशीच रातकिडा ओरडला, "आप्पा, ठोके उधळलेत! ढीगभर चरबी जळली!"

आप्पा तर जागचे हललेही नव्हते. ते मान वर करून झाडावरचं मधाचं पोळं बघत होते.

"नुसतं बघून एवढी जळते," आप्पा हरखून म्हणाले, "तर खाताना किती जळेल!" आणि त्यांनी पोळं फस्त केलं.

संध्याकाळी ते गुहेच्या तोंडात पक्के अडकले. आतून पणजी कडाडली, "अहो, चरबी जळली म्हणता, मग दारात हे काय अडकलंय?"

आम्ही पतवंडं आजही आप्पांना पोट धरधरून हसतो. हसतानाही मनगटावरच्या रातकिड्याला हळूच विचारतो, "हे हिशेबात धरलंस ना रे?"