वर्तुळं वजा केलेला निकाल

“मग खरी पहिली कोण, बाई? तुम्हीच सांगा.”

तीन आठवडे रोज हाच प्रश्न ऐकून मंदाकिनीबाईंचे कान किटले होते.

सकाळचे साडेसहा वाजले होते. सांगलीतल्या या सिमेंटच्या मैदानावर बाई पस्तीस वर्षं मुलींना चाकांवरचं फिगर स्केटिंग शिकवत आल्या होत्या. समोर शाल्मली उभी होती. पायांत स्केट्स असायला हवे होते, त्याऐवजी हातात कागद होते.

पोरगी हुशार, यात वाद नाही. चाकांवर नाचायला लागली की बघणाऱ्यांच्या हातातला चहा गार व्हायचा. पण जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांचं तिला वावडं. त्या रेघेवरून एका पायावर, जराही न ढळता, सावकाश फिरायचं. परीक्षक वाकून बघत मागून चालणार. गाणं नाही, टाळ्या नाहीत.

जिल्ह्याच्या निवडीत नाच आणि वर्तुळं, दोन्हींचे गुण एकत्र धरतात. मागच्या वर्षी शाल्मली नाचात पहिली आली आणि एकूणात दुसरी. तेव्हापासून तिने वर्तुळांचं नाव टाकलं आणि तीन आठवड्यांपूर्वी आकडेमोड सुरू केली.

संघटनेच्या कपाटातून तिने महिलांचे जुने निकाल शोधून आणले. वर्तुळांचे गुण वजा केले आणि एकेका वर्षाची यादी नव्याने लावली. कुणी पाचवी होती ती वर चढली, कुणी पहिली होती ती घसरली. रविवारी निवड होती, तिच्या वयोगटातली शेवटची, आणि ही बया संपलेल्या स्पर्धांचं पोस्टमॉर्टेम करत बसली होती.

“अगं, स्केट्स घाल,” बाई म्हणाल्या.

“आधी या अर्जावर सही करा. जुने निकाल दुरुस्त करा, असं संघटनेला लिहिलंय.”

“कशासाठी?”

“न्यायासाठी.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“रविवारी वर्तुळं असणार आहेत, शाल्मली.”

“म्हणूनच. नियमच चुकीचा होता, हे आधी सिद्ध करू.”

“चार दिवसांत?”

शाल्मलीने ते कानाआड केलं आणि अर्जाला जोडलेला शेवटचा कागद उलटून पुढे धरला. हा तिचा ठेवणीतला होता.

“हे बघा. त्र्याऐंशी साल, नाशिक, राज्य स्पर्धा. तुमचा चौथा नंबर होता ना? वर्तुळं काढली की पहिला. तोही सव्वादोन गुणांनी.”

बाईंनी चष्मा लावला. यादीत सगळ्यात वर त्यांचं माहेरचं नाव होतं. मंदाकिनी दत्तात्रय पोतनीस...

बाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांनी, एका पोरीच्या वहीतल्या कागदावर, चांगलंच बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचा त्यांना शाल्मलीपेक्षाही जास्त संताप आला.

“नियम वेगळा असता तर निकाल हाच लागला असता, बाई.”

“नक्की?”

“तीनदा तपासलंय. एक आकडा इकडचा तिकडे नाही.”

“आण पेन.”

शाल्मलीला वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. पण बाईंनी अर्ज गुडघ्यावर घेतला, सही केली, खाली तारीखही घातली. शाल्मलीचा चेहरा फुलला. बाईंना शेवटी पटवलंच, असं तिला वाटलं.

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून कठड्यावर ठेवली. पिशवी उचलली, चपला सरकवल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या.

“बाई, कुठे निघालात?”

“घरी.”

“आणि सराव?”

“कर की. नाच तर तुला येतोच.”

“पण वर्तुळं...”

बाई चालतच राहिल्या. शाल्मली मागून धावली. तीन आठवडे आकड्यांखाली दडपून ठेवलेलं तिच्या तोंडून आता बाहेर आलं.

“बाई, माझा डावा पाय रेघेवर टिकत नाही. मागच्या वर्षीपासून त्या वर्तुळात पाय टाकायची भीतीच बसलीय. रविवारी पुन्हा तसंच झालं तर मला परत संधी नाही.”

बाई थांबल्या. त्यांना तिची दयाही आली, पण ती त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

“शिकवा ना मला. तुमच्यासारखी वर्तुळं या जिल्ह्यात कुणाला येतात?”

“मी कधी शिकले ती, माहीत आहे?”

“नाही...”

“नाशिकला चौथी आल्यावर. सहा वर्षं घासत होते.”

हातातला अर्ज शाल्मलीला एकाएकी कुठे ठेवावा कळेना.

बाईंनी तिच्या हातातल्या यादीवर, सगळ्यात वरच्या नावावर बोट टेकवलं.

“हिला विचारून काय उपयोग? ही पहिली आली. हिला वर्तुळं येत नाहीत.”