अस्वलिणीने उचलून आणलेले सशाचे पिल्लू

डोंगराच्या उतारावर करवंदीची दाट जाळी होती. तिच्याआडच्या गुहेत एक अस्वलीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. मुलांनो, अस्वलिणीची एक रीत आहे. पिल्ले लहान असताना ती त्यांना पाठीवर घेऊनच हिंडते. वारूळ फोडायला निघो की मोहाची फुले वेचायला, पिल्ले आपली तिच्या केसांना घट्ट धरून पाठीवर बसलेली. या अस्वलिणीला तर त्याचा भारीच अभिमान होता. "पोर खाली ठेवून जाते ती कसली आई?" असे ती येताजाता म्हणे.

पिल्ले जरा मोठी झाली तशी त्यांनी आईच्या मागे भुणभुण लावली. "आई, आम्हाला पाळायला कुणीतरी लहानसं आण ना!" थोरला म्हणे. "मी त्याला पाठीवर घेईन," धाकटी म्हणे. अस्वलिणीने पुष्कळ विचार केला. खार एका जागी ठरायची नाही, तिच्यामागे धावून पोरे हातपाय मोडून घेतील. साळिंदराचे पिल्लू आणावे, तर काट्यांनी पोरांची नाके रक्ताळतील. कासवाला ही कार्टी दिवसभर उताणेच करून ठेवतील! पोरांना काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचा तिने अगदी बारीक विचार केला. येणाऱ्या जिवाला काय सोसेल, हे मात्र तिच्या मनातही आले नाही.

एके सकाळी माळावरून परतताना गवतातल्या खळग्यात तिला सशाचे पिल्लू दिसले. एवढेसे, कान पाठीला चिकटवून एकटेच बसलेले. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आईचा पत्ता नाही. अस्वलिणीचा जीव कळवळला. "अगं बाई, टाकूनच गेली की याची आई!" असे म्हणत तिने त्याला अलगद तोंडात धरले आणि गुहेत आणले. वाटेत ते चावले नाही की ओरडले नाही. "पोरांसाठी असंच शहाणं बाळ हवं होतं," असे तिला वाटले.

पिल्लांना तर आभाळ ठेंगणे झाले. त्यांनी आपल्या वाटचा मध त्याच्यापुढे ठेवला, वारुळातल्या वाळव्या ठेवल्या. त्याने कशालाच तोंड लावले नाही. "लाजतंय गं!" धाकटी म्हणाली. तिने त्याला पाठीवर घेतले. त्याला काही केस धरून बसता येईना. ते घसरून खाली पडे आणि ती त्याला पुन्हा उचलून घेई. थोरला त्याला छातीशी कवटाळून झोपला. "त्याला आवडतं आपल्याकडे," तो म्हणाला, "नाहीतर रडलं नसतं का?" मुलांनो, अस्वलाचे पोर भ्याले की अख्खी गुहा डोक्यावर घेते. सशाचे पिल्लू भ्याले की श्वाससुद्धा चोरून निपचित बसते. हे त्या बिचाऱ्यांना कुठले ठाऊक असायला!

दुसऱ्या दिवशी पिल्लाचे पोट खपाटीला गेले आणि मान टाकल्यासारखी झाली. आता अस्वलीण घाबरली. त्या खळग्याजवळचे गवत तरी ते खाईल, या आशेने संध्याकाळी तिने पोरांना पाठीवर घेतले, त्याला तोंडात धरले आणि माळ गाठला. खळग्याशी एक सशीण उभी होती. समोर अस्वल पाहून तिचे सारे अंग थरथरत होते, पण ती जागची हलली नाही.

अस्वलिणीने पिल्लू खाली ठेवले. "तूच का याची आई?" ती म्हणाली. "टाकून कशी गं गेलीस याला?"

"टाकलं नव्हतं हो, अस्वलबाई," सशीण म्हणाली. "मी दिवसभर जवळ बसले, तर माझ्या वासावर कोल्हा येतो. म्हणून काळजावर दगड ठेवून लांब राहते आणि तिन्हीसांजेला येऊन पाजते. काल आले, तर बाळ नाही. आज पुन्हा आले."

अस्वलिणीची मान खाली गेली. ती चार पावले मागे सरली. सशीण पिल्लाला चाटू लागली. बऱ्याच वेळाने ते हलले आणि दूध पिऊ लागले. पोटात दूध गेल्यावर त्याने अंग झटकले, कान उभारले आणि दोन उड्या मारून ते आईच्या मागे गवतात दिसेनासे झाले.

"आई, त्याला पळता येतं?" धाकटीने आश्चर्याने विचारले. "मग आपल्याकडे असताना का नाही पळालं?"

"फार भ्यालं होतं गं ते," अस्वलीण म्हणाली.

"पण आपण तर त्याला किती जपलं!" थोरला रडवेला झाला.

अस्वलिणीने त्याच्याकडे मान वळवली. "जपलं रे बाळा," ती म्हणाली. "पण आपण त्याला कुशीत घेत होतो, तेव्हा आता हे मला खाणार, असंच त्याला वाटत होतं."

तात्पर्य : मुक्या जिवाला घरी आणण्याआधी त्याची रीत जाणून घ्यावी. त्याचे गप्प राहणे म्हणजे त्याचे सुख नव्हे, आणि नुसत्या मायेवर कोणी जगत नाही.