थोरली चकती

त्या सकाळी धुकं दाटलं होतं. ही फार मागची गोष्ट. सपाटीवरच्या गावात एक सायकल होती. तिच्या मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या शेजारी शेजारी होत्या. साखळी सदा लहान चकत्यांवर फिरे, थोरली मात्र एकटी गंजत बसे.

"आक्का, तुझा नुसता भार गं," शेजारची चकती टोमणा मारी. मालकही तिला काढूनच टाकणार होता.

पण त्या धुक्याच्या सकाळी मालकाला लेकीच्या गावाला जाताना घाट लागला. पेडल काही हलेना. धापा टाकत मालकानं साखळी थोरलीवर चढवली, तेव्हा कुठं पेडल हलकं झालं आणि सायकल हळूहळू माथ्यावर पोचली.

उतार लागताच साखळी पुन्हा लहान चकतीवर गेली. थोरली पुन्हा रिकामी फिरू लागली.

शेजारीण हळूच म्हणाली, "आक्का, येताना पुन्हा चढ आहेच. तोवर माझ्याशी बोलत बस."