घाटातली पहिली फेरी

"मग हा प्ले, हा सैलपणा, ठेवायचाच कशाला, आक्का?"

प्रणोतीने सिलिंडरमधल्या पिस्टनला बोट लावलं. तो किंचित डुलला. टक्... टक्.

आजऱ्यातल्या त्या गॅरेजच्या मालकीण तुळसाक्का चहात खारी बुडवत होत्या. प्रणोती डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती.

"रॉडवर वर-खाली खुळखुळला असता तर मीच गाडी अडवली असती," आक्का म्हणाल्या. "आडवा एवढा हलायचाच. राहू दे."

"धामणेकरांना त्यांच्या मोटारसायकलचा आवाज नकोय."

"सकाळी थंड असताना वाजते. तापली की गप्प होते. त्यांना सांग तसं."

"तुमच्या काळातल्या गाड्या खडखडायच्या, म्हणून आमच्याही खडखडायच्या का?"

"तुमच्या काळातली इंजिनं तापत नसतील."

"तापल्यावर पिस्टन फुगतो, हे मलाही माहीत आहे. तेवढी जागा ठेवीन मी."

"किती?"

"कंपनी म्हणते त्याहून जराशी कमी. म्हणजे आवाजच नको."

आक्कांनी खारी संपवली.

"बसव," त्या म्हणाल्या.

प्रणोतीने मोठ्या मापाचा नवा पिस्टन घेतला, सिलिंडर आतून जेमतेम त्याच्यापुरता कापून आणला. दुपारी पुन्हा बोट लावून पाहिलं. पिस्टन हलला नाही. इंजिन सुरू केलं, तर शेजारच्या टायरवाल्याला पत्ताच लागला नाही.

धामणेकर संध्याकाळी येणार होते. लेकीला मागे बसवून घाट उतरायचा होता त्यांना. तिला सावंतवाडीत कामावर हजर व्हायचं होतं.

पण गॅरेजचा एक रिवाज होता. ज्याने पिस्टन बसवला त्याने पहिली फेरी घाटात मारायची, आणि मागे आक्का बसायच्या.

"तुम्ही कशाला येताय? वयाचा तरी विचार करा."

आक्का पदर खोचून मागे बसल्या.

घाटात धुकं होतं. गाडी धुक्यात शिरली आणि रस्ता हातभरच उरला. इंजिनाचा आवाज इतका कमी, की झाडांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"ऐकताय ना? याला म्हणतात काम."



चढ लागला. प्रणोतीने गिअर उतरवला. त्याच वेळी तिच्या कमरेभोवती हात आले.

घाबरल्या वाटतं, तिला वाटलं. तिला हसू आलं.

पुढच्या वळणावर पकड आवळली. इंजिन तापत होतं, गुडघ्यांना धग लागत होती... आणि कमरेवरचे ते हात मात्र गारठलेले.

"आक्का, जरा सैल धरा. वळता येत नाही."

हात ढिले झाले नाहीत.

इंजिनाचा आवाज आणखी बारीक झाला. कोरडा. प्रणोतीने ॲक्सिलरेटर पिळला, गाडी पुढे ओढेना. पकड बरगड्यांपर्यंत चढली.

"आक्का, श्वास..."

पुढचं बोलताच आलं नाही. सुटायचं म्हणून, फक्त सुटायचं म्हणून, तिने क्लच दाबला.

त्याच क्षणी इंजिन थांबलं.

बंद पडलं नाही. थांबलं. कुणीतरी आतून धरल्यासारखं.

चाक मोकळं होतं म्हणून गाडी दोन हात सरकली आणि दरीकडच्या कठड्याला टेकून उभी राहिली. प्रणोतीने न्यूट्रल टाकून किकवर पाय दिला. किक दगडासारखी. तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता.

क्लच दाबला नसता तर मागचं चाकही जागच्या जागी आवळलं असतं. कठडा गुडघ्याएवढाच होता.

आज संध्याकाळी या गाडीवर धामणेकरांची लेक बसणार होती.

"तुम्हाला माहीत होतं," प्रणोती म्हणाली. "तुम्ही मला सरळ नाही म्हणायचं होतं. ओरडायचं होतं. तुम्हा लोकांना तोंडाने सांगायला काय होतं?"

प्रणोतीने किकवरचा पाय काढला.

"आणि आता तरी हात काढा. दम कोंडतोय माझा."

"कुठला हात?"

प्रणोतीने खाली पाहिलं. कमरेभोवती काही नव्हतं. वळून पाहिलं, तर आक्का दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर धरून बसल्या होत्या. बोटं गंजाने तांबडी झाली होती.

प्रणोतीच्या बरगड्यांवरची पकड मात्र अजून सुटली नव्हती.

"मग मला आवळतंय कोण?"

धुक्यात पानांवरून पाणी ठिबकत राहिलं. आक्का हळूच उतरल्या, पदर झटकला.

"मी तर तुला पहिल्यापासून सैलच सोडलंय, पोरी."