हेमपेठेची वाट

एका राज्यात एक नगर होतं, आणि ते वाढत्या अंगाच्या पोरासारखं वाढत होतं. आज तट बांधावा तर उद्या वस्ती तटाबाहेर. राजा प्रतापधवल म्हातारा झालेला. मुलगा नाही, दोन मुली. थोरली हेमकळा, धाकटी चंद्रावळ.

राजाच्या तळघरात एका मांत्रिकाने दिलेलं द्रव्य होतं. सोनं नाही, नाणं नाही. एक तांब्याची वाटी, तिच्यात दाणे. दाणा पेरला की सकाळी तिथे घर उभं: ओटा, माजघर, परसात तुळस, सगळं. आणि दुसरा एक चांदीच्या दोऱ्याचा गुंडा. गुंडा फेकला की दोरा उलगडत जाई तिथवर फरसबंद वाट. ना वाटीतले दाणे सरत, ना गुंड्याचा दोरा. देताना मांत्रिक म्हणाला होता, "राजा, ही दोन्ही एका ताटात ठेव. यांच्यात असूया शिरली तर द्रव्य उलटेल."

राजाने वाटी थोरलीला दिली, गुंडा धाकटीला. म्हणाला, "दोघी मिळून नगर सांभाळा."

त्या राज्यात एक रीत होती. नवी पेठ वसवायची तर आधी एका लेकुरवाळीने जुन्या विहिरीवर घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि त्या जागेपर्यंत चालत जायचं. वाटेत कुठे घागर उतरवावी लागली तर तिथे चूल मांडायची नाही. जागा कितीही सुंदर असो, नाही म्हणजे नाही. घागर पोचली की थोरली दाणे पेरी, धाकटी दोरा सोडी, आणि दोघी एका पानात जेवत.

असं बरंच चाललं. मग एका सकाळी हेमकळा सज्जात केस विंचरत बसली होती. खाली दोन माळणी टोपल्या उतरवून गप्पा मारत होत्या.

एक म्हणाली, "घर काय गं, चार भिंती. पण धाकटीची वाट बघ! टोपलीतलं फूल हलत नाही."

दुसरी म्हणाली, "तर! लेकीचं नाव चंद्रावळच ठेवणार आहे मी."

हेमकळेचा हात केसांतच थांबला. पिंजऱ्यात तिची साळुंकी होती, ठमी नावाची. माणसासारखी बोलायची, आणि जे बोलू नये तेच बोलायची. ठमी म्हणाली, "बाईसाहेब, हेमकळा नावाची एक तरी मुलगी आहे का हो नगरात?"

"गप्प बस."

"मी गप्प बसेन. गाडीवाले काय गाणी म्हणतात ते तर ऐकू येणारच."

खरंच होतं. गाडीवाले चंद्रावळीच्या वाटेची गाणी म्हणत. घराचं गाणं कोण म्हणतो? घरात राहणारा माणूस घर विसरतो. चालणारा मात्र पावलोपावली वाटेला दुवा देतो. हेमकळेच्या छातीत काहीतरी चुरचुरलं, आणि ते विझलं नाही. जेवताना बहिणीच्या पानातली पुरी आपल्यापेक्षा फुगलेली दिसू लागली. बहिणीचं हसणं मोठं वाटू लागलं. एक दिवस तिने वेगळं पान मांडायला सांगितलं.

मग तिने नदीपलीकडचं मोकळं माळरान निवडलं. बहिणीला सांगितलं नाही. सांगावं तर वाट मागावी लागेल, आणि वाट मागितली की पुन्हा तिचंच नाव. राहिली घागरीची रीत. इतक्या लांब घागर कोण नेणार? हेमकळेने काय करावं? लेकुरवाळीला घागरीसकट मेण्यात बसवलं. भोई धावले, घागर भरलेली पोचली, थेंब सांडला नाही. हेमकळा म्हणाली, "रीत झाली." आणि मूठभरून दाणे पेरले.

सकाळी पेठ उभी. ऐसपैस अंगणं, रुंद ओटे. घरं सगळी एका टोकाला, दुकानं आणि कारखाने दुसऱ्या टोकाला, कारण तिला हातोड्यांचा आवाज आणि फोडणीचा वास एकत्र नको होता. नाव ठेवलं हेमपेठ. अंगणाला भुलून लोक आले. हेमकळाही तिथेच नवा वाडा पेरून राहायला गेली.

चंद्रावळीला हे कळलं ते पाण्याच्या पखालवाल्याकडून. दुखावलेलं माणूस सरळ वाट कुठून टाकणार? तिने गुंडा उलट्या दिशेला भिरकावला. ओसाड रानातून राजरस्ता गेला, आठ गाड्या शेजारी चालाव्यात असा. त्याच्यावरून वारा तेवढा जाई.

हेमकळेला त्या रिकाम्या रस्त्याचाही हेवा वाटला. पण दाणे तिने तिथे नेले नाहीत. नगरातले चंद्रावळीचे जुने रस्ते होते, त्यांच्या दोन्ही अंगांना तिने इतकी दाट घरं पेरली की गाड्या अडकल्या, बैल फेसाळले, गाडीवाले गाणी विसरून शिव्या देऊ लागले. ते ऐकून हेमकळेला गोड झोप लागली.

आणि द्रव्य उलटलं.

हेमकळेच्या छातीत चुरचुरलं की नगरातली अंतरं वाढत. आज विहीर दारापासून होती त्याहून उद्या लांब. बाजार सरकला, शाळा सरकली. दूध घरी पोचेतो नासू लागलं. माणसं झुंजुमुंजू निघत आणि पोरं निजल्यावर परतत. पोरं बापाला बघून आईच्या पदराआड लपत, "आई, हा पाहुणा कधी जाणार?" म्हणून विचारत. हेमकळेचा नवरा दरबारात कारभारी. तो हेमपेठेतून पहाटे निघे, दरबार उठता पोचे, आणि परतीला लागे.

अशात हेमकळेला दिवस गेले. दिवस भरत आले तशी तिने जुन्या नगरातल्या गिरजाबाईला सांगावा धाडला. गिरजाबाई राज्याची सुईण. राजकन्यांना तिनेच हातावर घेतलं होतं. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. गिरजाबाईच्या हाताशिवाय मूल सुखरूप येणार नाही, हे वैद्याने स्वच्छ सांगितलं होतं.

गिरजाबाई निघाली. दिवसभर चालली. संध्याकाळी वळून बघते तो आपल्याच घराचं दार मागे उभं. मग हेमकळा स्वतः मेण्यात बसून तिच्या दारी गेली. दार दिसे, दारातली गिरजाबाई दिसे, पण भोई धावतील तितकं दार मागे जाई. म्हातारी तिथून ओरडली, "लेकी, काय करून बसलीस गं?"

हेमकळा परतली आणि पहिल्यांदा भ्यायली.

ठमी पिंजऱ्यातून म्हणाली, "बाईसाहेब, मांत्रिक मागच्या वडाच्या ढोलीत बसतो. त्याला घर नाही आणि वाट नाही, म्हणून तो कुणापासूनच लांब नाही."

मांत्रिक ढोलीत चिलीम साफ करत बसला होता. वर न बघता म्हणाला, "आलीस? तुला ज्याची गरज, ते तुझ्यापासून लांब राहील. तू इथे राहा नाहीतर तिथे. शाप जागेचा नाही, तुझा आहे."

"उतारा सांगा."

"तीन कामं आहेत. मेण्यात बसायचं नाही. एक, ज्या घरात भात निवायच्या आत कामावरचा माणूस पानावर येतो, त्या घरच्या चुलीची चिमूटभर राख आण. दोन, ज्या वाटेवरून कुणी कुणाकडे मनापासून निघालं आहे, त्या वाटेची धूळ आण. चालताना बहिणीचं नाव मनात आलं तर वाट वाढेल, हे ध्यानात ठेव."

"आणि तिसरं?"

"तिसरं मी सांगायचं नसतं. ते तुझ्या दारात येईल."

हेमकळा जड पोटाने पायी निघाली. हेमपेठेत दारोदार फिरली. प्रत्येक चुलीपाशी झाकलेलं ताट आणि जांभया देणारी बाई. एक म्हणाली, "बाईसाहेब, अंगण मोठं दिलंत, उपकार झाले. त्या अंगणात माणूस उजेडी दिसला तर अजून बरं होईल." हेमकळेने मान खाली घातली.

मग ती नदी उतरून जुन्या नगराकडे वळली. बहिणीचं नाव मनात येऊ नये म्हणून तोंडाने डाळी म्हणत चालली: तूर, मूग, मसूर, मटकी. मसुरीशी आली की चंद्रावळीला मसुरीची आमटी आवडते हे आठवे, आणि समोरचं झाड चार हात मागे जाई. तिने मसूर सोडून दिली.

अशी ती विणकर आळीत पोचली. ही आळी तिला कधीच आवडली नव्हती: पुढच्या सोप्यात माग, मागच्या सोप्यात चूल, वर माळ्यावर पाहुणे. आतून हाक आली, "अहो, पान वाढलंय!" विणकराने धोटा ठेवला, उठला, उंबरा ओलांडला आणि पानावर बसला. भाताची वाफ त्याच्या मिशीला लागली.

हेमकळा दारात म्हणाली, "बाई, चुलीतली चिमूटभर राख द्याल?"

विणकरीण, भागूबाई तिचं नाव, चकित झाली. "आमची राख? तुमच्या पेठेत चुली नाहीत का, बाईसाहेब?"

"चुली आहेत. माणसं वाटेत आहेत."

भागूबाईने राख दिली, आणि न विचारता ताकाचा पेलाही दिला.

दुसरं काम. नगरातल्या रस्त्यावर धूळ रग्गड, पण जो तो चरफडत निघालेला. एकजण म्हणे, "जातो कुठला, ढकलला जातोय." ती धूळ चालेना. मग उरला बहिणीचा राजरस्ता.

हेमकळा त्या रस्त्याला लागली. फरशी अशी की तोंड दिसावं, आणि तिच्यावर एक पाऊल नाही, एक चाकोरी नाही. हेमकळेला आतून बरं वाटलं. बरी जिरली, असं तिच्या मनात आलं मात्र, तोच रस्ता सपकन लांबला आणि तिच्या पोटात पहिली कळ आली. ती मटकन खाली बसली. "नको," ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत्ता नको रे बाळा."

डोळे पुसून बघते तो लांबवर एक बाई गुंडा मांडीवर घेऊन एकटीच बसलेली. चंद्रावळ.

हेमकळेने हाक मारली, "चंद्रे!"

"कोण? ताई? इथवर हसायला आलीस?"

"आले होते. आता हसू येत नाही."

चंद्रावळ तिथूनच म्हणाली, "इतकी रुंद वाट टाकली. कुणी आलं नाही. तुझ्या ओट्यावर बायका निवडायला बसतात, पोरं खेळतात. मी वाट टाकते आणि माणसं माझ्यावरून निघून तुझ्याकडे जातात. मला त्याचा किती हेवा वाटायचा ठाऊक आहे?"

हेमकळा थक्क झाली. इतके दिवस आपणच जळतो आहोत असं तिला वाटत होतं. "मग मला हेमपेठेची वाट का नाही दिलीस?"

"तू मागितलीस कधी?"

मागायचे शब्द हेमकळेच्या गळ्यात काट्यासारखे अडकून होते, कैक महिने. दुसरी कळ आली आणि तिने ते बाहेर काढले. "चंद्रे, मला वाट दे. माझं बाळ अडलंय. तुझ्या वाटेशिवाय गिरजाबाई येत नाही."

चंद्रावळ उठली आणि धावली. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर कुणी कुणाकडे मनापासून निघालं. तिच्या टाचांखाली फरशीच्या सांध्यांतली धूळ उडाली. हेमकळेने ती मुठीत धरली, आणि मुठीतली राख न् धूळ एक झाली. चंद्रावळीने बहिणीला कवेत घेतलं, गुंडा फेकला. दोरा राजरस्त्यावरून नदीकडे, नदीवर पूल होऊन, तिथून हेमपेठेच्या वाड्यापर्यंत आणि वाड्यापासून थेट गिरजाबाईच्या ओट्यापर्यंत सळसळत गेला. रस्त्याने दोघींना वाड्यात आणून सोडलं.

हेमकळेला बाजेवर निजवलं. कळांवर कळा. मूल आडवं. ठमी पिंजऱ्यातून ओरडत होती, "आली, आली! पुलावर आली! चिंचेशी आली!"

गिरजाबाई काठी टेकत उंबऱ्याशी पोचली. दोन पावलांवर बाज. आणि म्हातारीचं तोंड कधी बंद राहिलंय? दारातच धाप टाकत म्हणाली, "अगं काय ही वाट! लोण्यावरून चालल्यासारखी आले. चंद्रावळ, पोरी, तुझ्यासारखी तूच. या नगरात दुसरं कुणी काही केलंय असं मला तर दिसत नाही!"

हेमकळेच्या छातीत चुरचुरलं.

उंबरा हातभर मागे गेला. गिरजाबाईचा पाय अधांतरी राहिला. चंद्रावळ पांढरी पडली. अजून एक हात. अजून एक. म्हातारी दारासकट अंगणात चालली होती, आणि मूल आत तडफडत होतं.

हेमकळेने बाजेची कड धरली. तिला रडायचं होतं, ओरडायचं होतं, की घरं माझी आहेत, अंगणं माझी आहेत, माझंही नाव घ्या. तिने दात आवळले आणि म्हणाली, "गिरजाबाई, वाट सुरेखच आहे. माझ्या मनात होतं त्याहून सुरेख आहे. तिच्यासारखं मला जमलं नसतं."

हे तिने खरं म्हटलं. खोटं म्हटलं असतं तर शाप हसला असता. पण ते खरं होतं, आणि इतकं जड होतं की म्हणताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

उंबरा धाडकन जागेवर आला. गिरजाबाई आपटतच बाजेपाशी पोचली, "अगं अगं, म्हातारीला मारता का!" म्हणत बाह्या वर केल्या. तिच्या हाताने मूल वळलं. पहाटे मुलगी झाली, लालबुंद, रागावलेली.

त्याच पहाटे नगरभर दारं जागेवर आली. विहिरी परतल्या. पुरुष उजाडल्यावर निघाले आणि दिवे लागायच्या आत घरी आले. पोरं म्हणाली, "आई, पाहुणा आज लवकर आला."

बाराव्या दिवशी दोघी बहिणींनी वाटी आणि गुंडा एका ताटात मांडला. हेमकळेने एकेक दाणा उचलला, चंद्रावळीने चांदीच्या दोऱ्यात ओवला. दोऱ्याच्या कडेकडेने पेठा उभ्या राहिल्या: घराखाली माग, मागाशेजारी शाळा, शाळेपुढे बाजार. ओसाड राजरस्त्याला दारं आली, हेमपेठेत हातोडे वाजू लागले आणि त्यातूनच फोडणीचे वास. जिथे दोरा नेला नाही तिथे दाणा पेरला नाही. तिथे गवत राहिलं, हरणं राहिली. राजाने ते गच्चीवरून पाहिलं आणि ताट दोघींच्या हाती कायमचं सोपवलं.

हेवा पुरता गेला का? कुणी चंद्रावळीचं गाणं म्हटलं की हेमकळेच्या छातीत अजून थोडं चुरचुरे. मग ती उठून बहिणीच्या घरी जाई. आता ते चार घरं सोडून होतं. मसुरीची आमटी निवायच्या आत पोचता येई.

हेमकळेच्या गरजेचं दार जसं जवळ आलं, तसं ऐकणाऱ्याच्या गरजेचं दारही जवळ येवो.