सटवाजी घडशी आणि काहिलीची वाफ

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते मात्र विचारू नका, कारण मी सांगेन ते तुम्ही मानणार नाही आणि माझ्याजवळ दुसरं उत्तर नाही.

हेळवाडी हे उघड्या माळावरचं गाव. थंडीत तिथं वारा सुटतो तो इतका कोरडा, की ओठ फुटतात, टाचा फुटतात आणि बोलायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटते. अशा गावात सटवाजी नावाचा घडशी राहायचा. घडशी म्हणजे देवीपुढं सनई वाजवणारा. त्याचा थोरला भाऊ हैबती सनईवर गाणं वाजवायचा आणि सटवाजी दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा. एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो, धरून तर बघा! गाल फुगवून गालातली हवा सनईत सोडायची आणि ती संपायच्या आत नाकानं नवा श्वास ओढायचा. तोंड सनईला लागलेलं, ते सोडायची सोय नाही. सगळा भार नाकावर. असं म्हणतात, सटवाजीनं सकाळी सूर धरला की म्हशी चरून परत यायच्या तरी तो चालूच असायचा.

माघातल्या जत्रेला जानाई देवीची पालखी देवळातून तळ्यावर जायची आणि परत यायची. रीत अशी, की सूर चालू तोवर पालखी चालू. सूर तुटला तर भोयांनी पालखी तिथंच टेकवायची, आणि पालखी टेकली की पुढच्या जत्रेपर्यंत गावात कुणाचं लग्न लावायचं नाही. पण पालखी टेकलेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळं त्याची भीतीही कुणाला उरली नव्हती.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली आणि सटवाजीचं नाक चोंदलं. चोंदलं म्हणजे पार बंद, दोन्हीकडून. आता शहाण्या माणसानं भावाला सांगितलं असतं, की बाबा रे, यंदा दुसरा कुणी बघ. पण सटवाजीला लाज वाटली. ज्याच्या नाकाचं गाव कौतुक करतं त्यानं नाक चोंदलंय म्हणून सांगायचं? त्यानं ठरवलं, थंडीनं बंद झालंय ते आगीनं उघडेल. शेकोटी पेटवली आणि तिच्यावर तोंड धरून बसला. धग ओढतोय, धूर ओढतोय, डोळ्यांतून पाणी काढतोय. त्या कोरड्या धगीनं झालं काय, की नाकात होतं नव्हतं ते सगळं वाळून त्याची खपली झाली. जत्रेच्या सकाळी हैबतीनं विचारलं, "नाकातनं बोलतोस व्हय रे? बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीय?" सटवाजी म्हणाला आणि त्यानं सनई उचलली.

पालखी वेशीबाहेर आली. सटवाजी नाकानं श्वास ओढतोय आणि आत काही येत नाही. चेहरा काळानिळा पडला, कानात घणघण सुरू झाली. शेवटी तोंड उघडलं. सूर तुटला.

भोई थबकले. एकमेकांकडं बघत त्यांनी पालखी मातीत टेकवली. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सटवाजीला वाटलं. त्या गर्दीत खंडू माळ्याची लेक चांगुणा उभी होती. तिची हळद आठवड्यावर आली होती. तिनं काही केलं नाही, फक्त पदरानं तोंड झाकलं. सटवाजीनं ते पाहिलं आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

चांगुणाचं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, वर्षभर कोण थांबतंय! हैबतीनं आपली सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली. आणि सटवाजीनं घोंगड्यात तोंड लपवून गाव सोडलं. चार कोसांवर, नदीकाठी एक गुऱ्हाळ होतं, तिथं तो चुलीला जळण घालायच्या कामाला लागला. कुणी नाव विचारलं तर सांगायचा नाही.

गुऱ्हाळ तुम्ही पाहिलंय ना? खाली धडाडणारी चूल आणि वर रसानं भरलेली ही एवढी मोठी काहील. सटवाजी दिवसभर चुलीच्या तोंडाशी बसायचा. तिथंही धगच, तिथंही नाक बंदच. एके दिवशी गूळ पाडणाऱ्या गुळव्यानं त्याला वर बोलावलं आणि रस ढवळायला लावलं. काहिलीवर वाफेचा लोट उठलेला. ओली, ऊन वाफ. सटवाजी ढवळत होता आणि ढवळता ढवळता एकदम थांबला. त्याच्या नाकात गुळाचा वास शिरला होता! आधी एक नाकपुडी सुटली, मग दुसरी. वाळलेलं सगळं भिजून मऊ झालं आणि छातीच्या तळापर्यंत वारा गेला. तो खाली चुलीशी गेला, तर थोड्या वेळात नाक पुन्हा चोंदलं. वर आला, तर पुन्हा मोकळं. धग दोन्हीकडं होती, पण ओलावा वरच होता.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. सटवाजी मात्र काहिलीशी उभ्या उभ्या ढसाढसा रडला. घरच्या चुलीवर हंडाभर पाणी उकळलं असतं तरी भागलं असतं. पण त्यासाठी कुणालातरी म्हणावं लागलं असतं, की माझं नाक बंद आहे.

जत्रा पुन्हा जवळ आली तेव्हा खंडू माळी उसाची गाडी घेऊन गुऱ्हाळावर आला. बरोबर चांगुणा होती. सटवाजीनं घोंगडं पुढं ओढलं, पण तिनं ओळखलंच.

"काका, त्या दिशी तुमचं नाक बंद हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"लाज वाटली, पोरी."

चांगुणा त्याच्याकडं बघतच राहिली. "एवढ्यापायी?" ती म्हणाली. आणि त्या एका शब्दानं सटवाजी जेवढा खाली गेला तेवढा पालखी टेकली तेव्हाही गेला नव्हता. मग ती म्हणाली, "सूर धरणारं गावात कुणी न्हाई. पालखी उठली न्हाई तर यंदाबी आम्ही पोरी बसून ऱ्हाऊ. चला."

तो गेला. मान खाली घालून, सगळ्या गावाच्या नजरेखालून गेला. हैबतीनं आढ्यावरची सनई काढली. पण माळावरचा वारा तोच होता, आणि देवळापाशी येईस्तोवर सटवाजीचं नाक पुन्हा बंद झालं. भोयांनी दांडीला हात घातला. तेवढ्यात चांगुणा पुढं आली आणि सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "काका, नाक मोकळं हाय का?"

सटवाजीच्या तोंडावर 'मोकळं' हा शब्द आला होता. तो गिळायला त्याला जे बळ लागलं ते सनई फुंकायलाही कधी लागलं नव्हतं.

"बंद हाय," तो म्हणाला. "गेल्या वर्षीबी बंद हुतं. मी लपवलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हैबतीनं वळून असं काही पाहिलं की हसणारा गप्प झाला. मग सटवाजीनं वाफेचं सांगितलं. त्या वाऱ्यात हंडाभर पाणी पुरणार नव्हतं, म्हणून भोयांनी पालखीची दांडी सोडली आणि ते गुऱ्हाळाकडं निघाले. पालखीच्या आधी काहील त्यांच्या खांद्यावर चढली. देवळापुढं चूल मांडली, काहिलीत पाणी ओतलं, आणि सटवाजी घोंगडं पांघरून वाफेवर बसला. सारं गाव थांबलं. देवीही थांबली.

मग जो सूर लागला, तो असा लागला की, असं म्हणतात, पालखी तळ्यावर पोहोचली तेव्हा तळ्यातून वाफ उठली आणि पालखीमागं चालत देवळापर्यंत आली. त्या दिवशी गावात कुणाचंही नाक वाहिलं नाही की कुणी खोकलं नाही. माना किंवा मानू नका.

चांगुणाची मोडलेली सोयरीक काही परत जुळली नाही. पुढं तिचं दुसरीकडं जमलं आणि तिच्या लग्नात सटवाजीनंच सूर धरला. पण मरेपर्यंत त्यानं तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही, असंही सांगतात.

अजूनही माघात हेळवाडीला गेलात तर बघा. पालखी उठण्याआधी देवळापुढं काहील चढते. जिचं लग्न ठरलंय अशी मुलगी सनईवाल्यापुढं येते आणि सगळ्यांदेखत विचारते, "नाक मोकळं हाय का?" तो 'बंद हाय' म्हणाला, तर सारं गाव मुकाट्यानं खाली बसतं, आणि कुणी हसत नाही.